टूलबारवर शब्द असावेत की नुसते आयकॉन?

दप्तरदार

नमस्कार. आम्ही काही जण मिळून तालुका आणि गाव पातळीवरच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक संगणकप्रणाली तयार करत आहोत. ती ब्राउझरमध्ये चालत नाही, विंडोजच्या संगणकावर थेट बसवली जाते. ती क्यूटी (खिडक्या-बटणे असलेल्या प्रणाली लिहिण्यासाठीचा तयार साधनसंच) वापरून लिहिलेली आहे आणि तिचा सगळा दर्शनी भाग मराठीत आहे. वापरणारे बहुतेक जण 'ब' आणि 'क' वर्गाच्या ग्रंथालयांतले ग्रंथपाल आणि त्यांचे सहायक आहेत. दाखल नोंदवही, देवघेवीचे रजिस्टर, वर्गणीची पावतीपुस्तके हे सगळे त्यांनी वर्षानुवर्षे हाताने सांभाळले आहे. ग्रंथालयाचे काम त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगले कळते, पण त्यांतल्या अनेकांचा संगणकाशी संबंध पत्रे टंकलिखित करणे आणि अनुदानासाठीची माहिती भरून पाठवणे एवढाच आलेला आहे.

आमच्यातला वाद टूलबारचा आहे. मुख्य विंडोच्या वरच्या कडेला सध्या चौदा बटणे आहेत आणि प्रत्येक बटणावर आयकॉन व त्याखाली शब्द आहे: देवघेव, नवा सभासद, वर्गणी, अनामत परत, दाखल नोंद, पुस्तक बाद, साठा पडताळणी, शोध, छपाई वगैरे. आमच्या डिझाइनर सहकाऱ्याचे म्हणणे आहे की शब्द काढून टाकावेत. त्यामुळे पडदा मोकळा दिसेल, १३६६ × ७६८ च्या जुन्या पडद्यांवर यादीसाठी एखाददुसरी ओळ अधिक मिळेल, आणि अर्थ कळला नाहीच तर माउस वर नेल्यावर टूलटिप (बटणाचे नाव सांगणारी छोटी चौकट) दिसतेच. दुसरा सहकारी नेमका उलट सांगतो: आयकॉनच काढा आणि नुसते शब्द ठेवा, कारण 'अनामत परत' या क्रियेचे कोणाला कळेल असे चित्र अजून तरी आम्हाला काढता आलेले नाही.

ज्यांनी अशा प्रणाली तयार केल्या आहेत किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. दोन्ही ठेवायचे झाल्यास शब्द आयकॉनच्या खाली असावा की शेजारी, हाही प्रश्न आहे.

रेघोटी

या वादात मला नेहमी आठवतो तो मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या ईमेल-प्रणालीचा दाखला. आउटलुक ९७ च्या टूलबारकडे नवखे वापरकर्ते फारसे फिरकत नसत आणि त्यांची बहुतेक कामे मेनूतूनच चालत. ऑफिसच्या दर्शनी भागावर काम करणाऱ्या जेन्सन हॅरिस यांनी या प्रकरणाबद्दल पुढे सविस्तर लिहिले. त्या चमूने आयकॉन नव्याने काढून पाहिले, त्यांचा क्रम बदलून पाहिला, ज्या मेनूत ती आज्ञा आहे त्याच मेनूच्या खाली आयकॉन आणून ठेवून पाहिला, पण कशानेही फारसा फरक पडला नाही. शेवटी महत्त्वाच्या बटणांवर शब्द लिहिले गेले आणि नवखे काय, सरावलेले काय, सगळेच टूलबार वापरू लागले. यातला 'महत्त्वाच्या' हा शब्द सुटू देऊ नका. त्यांनी सगळ्याच बटणांवर शब्द घातले नव्हते.

संशोधनाबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. सुसान वीडेनबेक यांनी १९९९ मध्ये नुसते आयकॉन, नुसते शब्द आणि दोन्ही एकत्र अशा तीन मांडण्यांची तुलना प्रसिद्ध केली. नव्याने शिकणाऱ्यांच्या बाबतीत नुसत्या आयकॉनची मांडणी मागे पडली, आणि वापरायला सोपी कोणती वाटते असे विचारल्यावर दोन्ही एकत्र असलेल्या मांडणीला लोकांचा कौल अधिक मिळाला. त्यामुळे तुमच्या डिझाइनर सहकाऱ्याची भूमिका नवख्यांच्या बाबतीत तरी टिकत नाही.

पण नुसते शब्द ठेवा म्हणणाऱ्या सहकाऱ्याशीही मी सहमत नाही. आयकॉनने अर्थ सांगावा ही अपेक्षा मुळात जास्त आहे. अर्थ शब्द सांगतो आणि आयकॉन जागा दाखवतो. पहिल्या काही वेळा माणूस शब्द वाचून बटण दाबतो. नंतर मात्र तो वाचत नाही, त्याचा डोळा विशिष्ट रंगाचा, विशिष्ट आकाराचा ठिपका शोधतो. देवनागरीत तर हे अधिकच खरे आहे. रोमन लिपीत काही अक्षरे वर जातात, काही खाली लोंबतात आणि शब्दाला ढोबळ आकार येतो. आपल्याकडे शिरोरेषेमुळे लहान आकारातले सगळे शब्द लांबून सारखेच, एका दोरीवर टांगल्यासारखे दिसतात. चौदा नुसत्या शब्दांच्या रांगेतून हवा तो शब्द पकडायला प्रत्येक वेळी वाचावेच लागेल.

मात्र आयकॉनने जागा दाखवावी असे वाटत असेल तर आयकॉन एकमेकांपासून वेगळे दिसले पाहिजेत. २०१२ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीच्या बीटामध्ये (चाचणीसाठीच्या आवृत्तीत) मायक्रोसॉफ्टने टूलबारचे आयकॉन जवळपास राखाडी करून टाकले होते. प्रोग्रॅमरमंडळींनी इतकी नाराजी व्यक्त केली की पुढच्या टप्प्यात काही रंग परत आणावे लागले. आजकाल सगळीकडे बारीक रेषेचे एकरंगी आयकॉन वापरण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात शब्द काढून टाकणे म्हणजे ओळखीची उरलीसुरली खूणही पुसणे होय.

तुमच्या यादीतले एकच बटण घ्या. 'पुस्तक बाद' यासाठी डिझाइनर मंडळी हमखास कचऱ्याची टोपली काढतील. पण बाद केलेल्या पुस्तकाची नोंद दाखल नोंदवहीतून पुसली जात नाही. तिच्यासमोर बाद केल्याचा शेरा येतो आणि तो दाखल क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. टोपलीचे चित्र पाहून मुरलेला ग्रंथपाल त्या बटणाला हातच लावणार नाही, आणि नवखा माणूस ते चुकीची नोंद खोडण्यासाठी दाबेल.

शाईची दौत

वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यावरून 'शब्द नेहमीच हवेत' असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझे दिवसभराचे काम इंकस्केप आणि गिम्प या चित्रकलेच्या प्रणालींमध्ये चालते. तिथल्या साधनांच्या पट्टीवर शब्द नाहीत, आणि ते आणून बसवले तर मी पहिल्याच दिवशी काढून टाकीन. पेन्सिल, कुंचला, खोडरबर, रंग उचलण्याची नळी ही मुळात हाताने धरायची साधने आहेत आणि त्यांचे चित्र काढता येते. शिवाय तिथे पडद्यावरची जागा म्हणजेच कागद असतो, त्यामुळे पट्टी जितकी अरुंद तितके बरे. नेहमीच्या बहुतेक साधनांना कळफलकावरची कळ असते, आणि सरावलेला माणूस पट्टीकडे बघतही नाही.

ऑफिस २००७ मध्ये जी रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) आली तिच्यातही हेच दिसते. 'पेस्ट'चे बटण मोठे आणि शब्दासह आहे, पण ठळक, तिरपे आणि अधोरेखित यांची बटणे लहान, शब्दाविना आणि एकमेकांना खेटून आहेत. ज्यांनी शब्दांच्या बाजूने इतका पुरावा गोळा केला त्यांनीच ही मांडणी केली आहे.

तेव्हा आधी विचारायचा प्रश्न असा, की हा माणूस या पडद्यासमोर रोज किती वेळ बसतो? ग्रंथपाल जर रोज संध्याकाळी खिडकीवर देवघेव करत असेल तर काही आठवड्यांत त्याला बटणांच्या जागा पाठ होतील, आणि त्यानंतर शब्द केवळ जागा अडवतील. शब्द दाखवायचे की नाही हे वापरणाऱ्यालाच ठरवू द्यावे. जीमेलच्या सेटिंगमध्ये बटणांवर आयकॉन हवेत की मजकूर, हे निवडता येते. लिब्रेऑफिसमध्ये तर एकेका बटणासाठी आयकॉन, मजकूर किंवा दोन्ही असे ठरवता येते. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या टूलबारवर उजवी कळ दाबली की नुसते आयकॉन, नुसता मजकूर, मजकूर शेजारी आणि मजकूर खाली असे चारही पर्याय समोर येतात.

रेघोटी

शाईची दौत यांचे म्हणणे चित्रकलेच्या प्रणालींबाबत पूर्ण मान्य आहे, आणि कारणही त्यांनीच दिले आहे: पेन्सिल ही वस्तू आहे, तर अनामत परत करणे हा व्यवहार आहे. निवडीच्या सोयीबद्दल मात्र एक शंका नोंदवतो. जीमेलमधली ती सोय किती जणांना ठाऊक आहे, हे आपापल्या कार्यालयात विचारून पाहावे. सेटिंगमध्ये जाऊन बदल करणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याला शब्दांची गरज उरलेली नसते. त्यामुळे सोय अवश्य द्यावी, पण सुरुवातीची मांडणी शब्दांसहितच असावी आणि शब्द काढून टाकण्याचे काम सरावलेल्यावर सोपवावे.

दप्तरदार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डिझाइनर सहकाऱ्याला ही चर्चा दाखवली. त्यांनी आणखी एक मुद्दा पुढे केला आहे आणि तो मला एकदम झटकून टाकता येत नाही. त्यांचे म्हणणे असे की ग्रामीण भागातल्या, कमी शिकलेल्या वापरकर्त्यांना मजकुरापेक्षा चित्र सोपे जाते, आणि म्हणूनच आपल्याकडे निवडणुकीतही चिन्हे वापरली जातात. शिवाय काही ग्रंथालयांना स्पर्शाने चालणारे पडदे मिळाले आहेत, तिथे काय करावे?

स्पर्शरेषा

निवडणूक चिन्हांचा दाखला अनेकदा दिला जातो, पण तो अर्धाच दिला जातो. मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत चिन्हाशेजारी उमेदवाराचे नावही छापलेले असते, आणि ते चिन्ह काय सांगते हे मतदाराला प्रचाराच्या काळात भिंतींवरून, पत्रकांतून आणि सभांतून पुन्हा पुन्हा सांगितले गेलेले असते. तुमच्या 'साठा पडताळणी'च्या आयकॉनचा असा प्रचार कोणी करणार नाही.

निरक्षर वापरकर्त्यांबाबत बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये इंद्राणी मेधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून गंभीर काम केले आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांनी मजकुराविना पडदे तयार केले, परंतु तिथे मजकुराच्या जागी नुसते आयकॉन ठेवून ते थांबले नाहीत. चित्राला बोललेल्या शब्दांची जोड दिली, आणि आकडे ओळखता येतात म्हणून आकडे राहू दिले. म्हणजे निरक्षरांसाठीही भाषा लागलीच, फक्त ती कानावाटे गेली. इथे तर आपण ग्रंथपालांविषयी बोलत आहोत. दिवसभर पुस्तकांची नावे वाचणाऱ्या माणसाला एका शब्दाचे बटण वाचणे जड जाईल, ही कल्पनाच मला विचित्र वाटते.

आता टूलटिपविषयी. ती भरवशाची सोबती नाही. क्यूटीमध्ये ती दिसायला साधारणपणे ७०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे माउस त्या बटणावर थबकावा लागतो. चौदा बटणांवर एकेक करून थबकत जाणे हे फक्त चिकाटीच्या माणसाचे काम आहे. काही चुकीचे दाबले जाईल या धास्तीने जो माउसच जपून हलवतो तो हे करत नाही. स्पर्शाच्या पडद्यावर तर बोट नुसते वर धरणे असा प्रकारच नसतो, त्यामुळे तिथे नुसत्या आयकॉनचा अर्थ कळायला ते दाबून पाहणे हाच मार्ग उरतो. 'अनामत परत'सारखे बटण दाबून पाहायचे असते का?

दृष्टिहीन वाचकांसाठी विभाग असलेली ग्रंथालयेही आपल्याकडे आहेत आणि तिथे काम करणारी माणसेही कधी कधी दृष्टिहीन असतात. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) ईस्पीक एनजी या आवाज निर्माण करणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने मराठी वाचून दाखवतो, मात्र बटणाला नाव दिलेले असेल तरच. नाव नसेल तर तो फक्त 'बटण' एवढेच म्हणतो. सांगायचा मुद्दा हा, की प्रत्येक बटणासाठी नेमका शब्द तुम्हाला शोधावाच लागणार आहे. तो शोधल्यानंतर डोळस माणसापासून लपवून का ठेवायचा?

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. तुमच्या ग्रंथपालांना अडचण आली की ते कोणाला तरी फोन करतील. 'वरच्या रांगेतले वर्गणीचे बटण दाबा' हे फोनवर सांगता येते. 'डावीकडून पाचवे, निळ्या चौकोनात बाण असलेले' हे सांगताना दोन्ही बाजूंची परीक्षा असते, आणि पलीकडची विंडो अरुंद केलेली असेल तर ते पाचवे राहिलेलेही नसते.

कळफलक

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. शब्द खाली की शेजारी?

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम सांगतो की लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते लवकर गाठता येते. २४ पिक्सेलच्या आयकॉनला शब्द जोडला की दाबण्याची जागाच मोठी होते, कारण शब्दावर दाबले तरी बटण दाबले जाते. ॲपलमध्ये सुरुवातीच्या काळात दर्शनी भागावर काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनी यांनी शब्द असलेली बटणे लवकर का सापडतात याचे जे स्पष्टीकरण दिले होते, त्यात हे एक कारण होते. शब्दाचा अर्थ कोणी पाहिलाच नाही तरी हा फायदा मिळतो. वरच्या पट्टीकडे माउस खालून येतो, म्हणून उंची वाढल्याचा लाभ अधिक, आणि या हिशोबाने शब्द खाली असलेला बरा. परंतु ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर उंचीच महाग असते. विंडोज १० चा टास्कबार त्यातले ४० पिक्सेल घेतो, त्यावर शीर्षकपट्टी आणि मेनू. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा व रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागत असल्याने मजकुराची ओळ रोमनपेक्षा उंच धरावी लागते, ती आणखी वेगळी. त्यामुळे तुमच्या बाबतीत मी शब्द शेजारी ठेवीन.

मग रुंदी कमी पडेल. चौदा बटणे शब्दांसह एका रांगेत मावणार नाहीत, आणि न मावलेली बटणे क्यूटी टूलबारच्या टोकाला असलेल्या दुहेरी बाणामागे ढकलते. तिकडे गेलेले बटण नवख्या माणसासाठी अस्तित्वातच नसते, हे नुसत्या आयकॉनपेक्षाही वाईट. यावर क्यूटीमध्येच सोय आहे. टूलबारची शैली 'टेक्स्ट बिसाइड आयकॉन' ठेवायची आणि ज्या क्यूॲक्शनला (क्यूटीमधली बटणामागची आज्ञा) शब्दाची गरज नाही तिची प्रायॉरिटी 'लो' करायची. अशा बटणाचा शब्द दिसत नाही, आयकॉन राहतो, आणि नाव आतमध्ये असल्यामुळे टूलटिप व स्क्रीन रीडर दोन्हींना ते मिळते. तसेच मेनूतला लांब मजकूर आणि टूलबारवरचा आखूड शब्द वेगळे ठेवायचे असतील तर 'आयकॉनटेक्स्ट' हा गुणधर्म त्यासाठीच आहे. 'नवीन सभासदाची नोंदणी करा' मेनूत राहू द्या, बटणावर 'नवा सभासद' पुरेसे आहे. शब्द शक्यतो रजिस्टरच्या रकान्यांत जे छापलेले असतात तेच घ्यावेत, नवे घडवू नयेत. फॉन्टबद्दल एवढेच, की जुन्या मंगलपेक्षा विंडोज ८ पासून येणारा निर्मला यूआय लहान आकारात सुवाच्य आहे, आणि बटणाची रुंदी पिक्सेलमध्ये पक्की न करता फॉन्टच्या मापावरून काढू द्यावी, नाहीतर जोडाक्षरे कापली जातात.

खरा वाद पुढे आहे. कोणत्या बटणांचे शब्द काढायचे? आउटलुकच्या दाखल्यावरून महत्त्वाच्या, म्हणजे सतत लागणाऱ्या बटणांवर शब्द घालावेत असे कोणी म्हणेल. तिथे अडचण अशी होती की लोक टूलबारकडे वळतच नव्हते आणि त्यांना वळवायचे होते. तुमच्याकडे तसे नाही. देवघेव दिवसातून शंभरदा होते, ती बहुधा बारकोड वाचून किंवा एखाद्या एफ कळीने होईल, आणि तिची जागा कोणीही विसरणार नाही. वर्षातून एकदा होणारी साठा पडताळणी, अधूनमधून येणारी अनामत परतीची वेळ आणि पुस्तके बाद करणे यांचे आयकॉन मात्र मागच्या वेळी पाठ झाले असले तरी पुढच्या वेळेपर्यंत विसरले जातात. जागा अपुरी असेल तर शब्द क्वचित लागणाऱ्या बटणांना द्यावेत, नित्याच्या नव्हे.

रेघोटी

हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, तरी त्यात एक दुरुस्ती सुचवतो. क्वचित लागणे हा एकच निकष धरला तर 'छपाई'लाही शब्द द्यावा लागेल, आणि त्याची काहीच गरज नाही. प्रिंटरचे चित्र आणि शोधासाठीचे भिंग ही दोन चित्रे बहुतेकांनी इतरत्र पाहिलेली असतात. तेव्हा क्वचित लागणारे आणि इतर कुठेही न पाहिलेले असे दोन्ही निकष एकत्र लावावेत.

हे अंदाजाने ठरवण्याऐवजी चाचणी घेता येते. चौदाही आयकॉन शब्दांविना एका कागदावर छापावेत, प्रणाली अजून न पाहिलेल्या ग्रंथपालांना तो कागद द्यावा आणि प्रत्येक चित्रासमोर 'हे दाबल्यावर काय होईल असे वाटते' ते लिहायला सांगावे. कोणतेही पर्याय देऊ नयेत, कारण पर्याय दिले की माणूस वगळत वगळत बरोबर उत्तरापर्यंत पोहोचतो. धोक्याच्या खुणांसाठी अमेरिकेच्या एएनएसआय या मानकसंस्थेच्या मानकात ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा अशी कसोटी आहे. टूलबारसाठी तितके कडक असण्याचे कारण नाही, पण ज्या चित्रासमोर निम्मी उत्तरेही बरोबर येणार नाहीत त्याचा शब्द काढण्याचा विचार करू नये. चुकलेली उत्तरे नीट वाचावीत. 'कळले नाही' हे उत्तर निरुपद्रवी आहे, पण टोपलीसमोर 'नोंद खोडणे' असे लिहिलेले आढळले तर ते चित्र शब्दासहितही वापरू नये.

दप्तरदार

कागद छापायला घेतला आहे. डिझाइनर सहकारीही चाचणीला तयार झाले आहेत, मात्र आयकॉन रंगीत छापावेत अशी त्यांची अट आहे आणि ती मला रास्त वाटते. छपाई आणि शोध यांचे शब्द तूर्त काढतो आहोत. देवघेवीच्या बटणावर आमचे अजून एकमत नाही: कळफलक यांच्या हिशोबाने तिथला शब्द अनावश्यक आहे, परंतु सुट्टीवर गेलेल्या ग्रंथपालांच्या जागी एखाद्या दिवसापुरता जो माणूस खिडकीवर बसतो, त्याला सर्वांत आधी तेच बटण शोधावे लागते.